चित्राबरहुकूम बेट

"मला काय, कुठेही चालेल," असं म्हणून विजयाबाई टिपणीसांनी खुर्चीत पाठ टेकली, आणि हे साफ खोटं आहे असं त्यांच्या कपाळावरच्या पट्टीने काचेपलीकडे कळवून टाकलं.

काचेपलीकडे डॉ. शाल्मली खरवंडीकर बसली होती. सागरवेल यात्रा कंपनीच्या बाणेरच्या प्रयोगशाळेत सकाळपासून आलेलं हे तिसरं कुटुंब. अनुभवकक्ष नावाच्या गोल खोलीत माणसाला बसवायचं आणि हिंदी महासागरातल्या बारा बेटांवर पाच-पाच मिनिटं फिरवून आणायचं. वारा खरा, खारट वास खरा, पायाखालची वाळूसुद्धा गरम. कुठे पाण्याखाली बुड्या मारा, कुठे कड्यावरून दोरीला लटका, कुठे नुसतं पालथं पडून राहा. बारा बेटं झाली की माणूस तोंडाने काय सांगतो ते कोणी ऐकत नसे. ओढमापकाची पट्टी काय सांगते ते बघायचं.

ओढमापक शाल्मलीचा. तो तिने वैतागातून बनवला होता. "सुट्टीत कुठे जायचं?" या प्रश्नाला आपल्या घरांतून आजवर कोणी सरळ उत्तर दिलंय का? नवरा मुलांकडे बघतो, मुलं मोबाइलकडे बघतात, आणि बाई म्हणते कुठेही चालेल. मग सगळे चौथ्यांदा महाबळेश्वरला जातात आणि तिथे एकमेकांवर चिडतात! मेंदूत इच्छा जिथे जागी होते तिथला रक्तप्रवाह मात्र असली भिडभाड ठेवत नाही. तो वाढला की काटा वर, घटला की खाली.

कक्षात आता तिलोवा बेट लागलं होतं. हिरवंगार पाणी बघून विजयाबाईंचा काटा सत्तरीवर गेला. मग धक्का आला, त्याच्यामागे घरं, दोरीवर वाळत घातलेली मासळी, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका.

"अगं बाई, किती छान गाव आहे!" विजयाबाई मोठ्याने म्हणाल्या.

काटा नऊवर आला.

शाल्मलीने आकडा टिपून घेतला. हे तिने गेल्या आठवड्यात इतक्या वेळा पाहिलं होतं, की यंत्रच बिघडलंय अशी ती स्वतःची समजूत घालत होती.

"झाली का तीन हजार डोकी मोजून?" दारातून प्राध्यापक इक्बाल मुकादम आत आले. रत्नागिरीचे, सागरजीवशास्त्रातलं मोठं नाव, पण पायात कायम रबरी चपला. "आमची बोट निघायची आहे. बीज फार दिवस झोपवून ठेवता येत नाही, शाल्मलीबाई."

"आज संपतंय. मुकादमसर, मला एकदा नीट सांगा. सातच बेटांना का? बाराही का नाही?"

"कारण बीज सातांपुरतंच आहे, आणि पुढची खेप तयार व्हायला नऊ वर्षं लागतील." ते खुर्ची ओढून बसले. "द्वीपबीज म्हणजे आपण घडवलेलं प्रवाळ. समुद्र चढतो त्याच्यापेक्षा जलद ते वाढतं. पाण्यात वाढतं, ओल मिळाली तर जमिनीतूनही वर येतं, आणि बेट उचलून धरतं. ज्या बेटाला ते मिळेल ते राहील. ज्याला मिळणार नाही, ते पंधरा-वीस वर्षांत पाण्याखाली. सरकारांनी हात वर केले, खर्च तुमच्या कंपनीने उचलला, म्हणून निवड तुमच्या कंपनीची. आणि तुमच्या साहेबांनी ती सोडली सुट्टीवर जाणाऱ्यांवर. ज्यांना जायचंय त्यांनीच ठरवावं, म्हणाले."

"हो, पण जाणाऱ्यांना हे कुठे माहीत आहे?"

"ते तुमचं तुम्ही बघा. माझं बीज हुशार आहे एवढंच मी सांगेन. कुठे वाढायचं, कुठे थांबायचं, सगळं त्याच्यात आधी भरलेलं असतं. तुमच्याकडून नकाशा येतो, आम्ही तो..."

शाल्मली पुढचं ऐकतच नव्हती. पडद्यावर अंतिम यादी उमटली होती, आणि ती खालून वर वाचत होती. खालून पहिलं नाव तिलोवा.

तिलोवावर तिचा धाकटा भाऊ श्रीरंग राहत होता. अकरा वर्षांपूर्वी महिनाभरासाठी म्हणून गेला तो तिथलाच झाला. बुडीशाळा काढली, तिथल्याच लिओमाशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. गाव तीनशे चाळीस वस्तीचं. आई गेल्यावर शाल्मलीला माहेर म्हणून उरलं होतं ते समुद्रातलं तेवढं एक घर.

तिने यादी पुन्हा वाचली, या वेळी वस्तीची बेटं मोजत. बारा बेटांपैकी चारांवर वस्ती होती. त्यांतली तीन तळाला. तळात त्यांच्या जोडीला रिकामी बेटं फक्त दोन, एक दलदलीचं आणि एक डासांचं. वस्तीचं चौथं बेट, मारुंगा, सातव्या जागेवर कसंबसं तगलं होतं. त्याचं गाव टेकडीच्या मागे होतं आणि चित्रात जेमतेम एक छप्पर दिसत होतं.

"अरे देवा," ती म्हणाली. "यंत्र बिघडलेलं नाही. लोकांना माणसं नको आहेत!"

कंपनीचे मालक विनायकराव आठल्ये यांना हे ऐकून मुळीच धक्का बसला नाही, आणि शाल्मलीला त्याचाच धक्का बसला.

"मग त्यात नवल काय, शाल्मलीताई?" त्यांनी चहाची बशी तिच्याकडे सरकवली. "वर्षभर माणसांत पिचलेला माणूस सुट्टीत आणखी माणसं बघायला जाईल का? त्याला वाळूवर आपल्याच पावलांचे ठसे हवे असतात. एकोणतीस वर्षं लोकांना फिरवतोय मी. तोंडाने सगळे म्हणतात, आम्हाला तिथलं लोकजीवन बघायचंय. आणि तिथलं लोकजीवन दिसलं की म्हणतात, फोटोत येतायत हो, जरा बाजूला करा."

"पण साहेब, तीन बेटांवर मिळून हजारावर माणसं आहेत! ज्यांनी कौल दिला त्यांना वाटलं आपण सुट्टीचं ठिकाण निवडतोय."

"तेच निवडलंय की त्यांनी. खोटं कुठे काय केलं?" मग तिचा चेहरा बघून ते नरमले. वाईट माणूस नव्हता तो. "तुमचा भाऊ तिकडे असतो, नाही का? बरं. तिलोवाचं चित्र जुनं आहे असं समजू. चित्र दुरुस्त करा आणि तेवढ्या एका बेटाची फेरचाचणी घ्या, तीनशे लोकांवर. पण जे दाखवाल ते जबाबदारीने दाखवा हं. सागरवेल दाखवते तेच देते. आमच्या पत्रकातल्या पोह्यांवर लिंबाची फोड असली, तर ताटातल्या पोह्यांवरही असते."

"हो हो," शाल्मली म्हणाली, आणि अर्धा चहा तसाच टाकून पळाली.

दुपारी दीड वाजता सगळी मंडळी डबे घेऊन गच्चीवर गेली, तेव्हा तिने तिलोवाचं चित्र उघडलं. आधी धक्का पुसला. मग मासळीच्या दोऱ्या, विहिरी, शाळेचं पत्र्याचं छप्पर. श्रीरंगच्या घरापाशी तिचा हात थांबला. निळ्या दाराचं घर, पुढे शेवग्याचं झाड. चित्रच तर आहे, असं तिने स्वतःला बजावलं. विजयाबाईंना खोटं दाखवलं म्हणून जर तीनशे चाळीस माणसं वाचत असतील, तर असलं खोटं मी रोज दाखवीन. तिने घर पुसलं आणि तिथे वाळू ओढली.

फेरचाचणीत तिलोवा दुसरं आलं.

ते वर चढलं म्हणजे सातांतलं कोणीतरी बाहेर पडणार हे उघडच होतं. बाहेर पडलं मारुंगा. नव्वद माणसांचं गाव. शाल्मलीला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. मारुंगाचंही छप्पर पुसावं असं एकदा तिच्या मनात आलं, पण फेरचाचणी एकाच बेटाला मंजूर होती आणि दुसरी मागायची तर पहिलीत काय केलं ते सांगावं लागलं असतं. ती गप्प बसली. संध्याकाळी श्रीरंगला फोन करून "तुमचं बेट वाचलं रे!" एवढंच ती ओरडली, आणि दोघं भावंडं फोनवर लहान मुलांसारखी रडली.

पेरणीनंतर सहा आठवड्यांनी, भर दुपारी, मुकादमांचा बोटीवरून फोन आला. आवाज खूश होता.

"शाल्मलीबाई, अभिनंदन करायला फोन केला. सातांत पहिला नंबर तुमच्या तिलोवाचा. अगदी चित्राबरहुकूम चाललंय! विहिरी भरून आल्या, धक्का गेला, पुळण आता पार आतपर्यंत सरकतेय."

"धक्का गेला म्हणजे?"

"प्रवाळात गेला. नकाशात नाहीये ना तो."

"कुठल्या नकाशात?"

"एकच तर नकाशा आहे. तुमच्या कक्षात जो दाखवतात, तोच बीजात भरतात. आठल्ये साहेबांची अटच होती तशी, लोकांनी पाहिलं ते आणि तिथे उगवलं ते यांत वितीचा फरक नको. मी त्या दिवशी सांगितलं होतं की तुम्हाला."

शाल्मलीने घाईघाईने तिलोवाचं चित्र उघडलं. घरांच्या जागी तिनेच ओढलेली वाळू होती.

"सर, तिथे माणसं आहेत."

"होय, किनाऱ्यावर दिसली. मला वाटलं सामान न्यायला थांबलीत. नकाशात घरं नाहीत, म्हणून कागदावर निर्मनुष्य अशी नोंद आहे." मग मुकादमांचा आवाज एकदम उतरला. "बाई... हलवलं नाही त्यांना?"

"थांबवा ते! आत्ताच्या आत्ता थांबवा. दुसरा नकाशा देते मी."

"बीज नकाशा एकदाच वाचतं, रुजताना. पोटातल्या पोराला मधेच सांगता येत नाही, नाक जरा इकडे घे म्हणून. थांबवायचं तर मारक टाकावं लागेल. त्याने नवं प्रवाळ मरेल आणि बेटाखालचं जुनंही मरेल. मग ते बेट दोन पावसाळे काढणार नाही."

"आणि नाही थांबवलं तर?"

"बेट शंभर वर्षं राहील. घरं राहणार नाहीत. ओल धरून ते भिंतींतून चढेल, चुलीतून वर येईल. एकवीस दिवस, फार तर पंचवीस." त्यांनी मनाशी हिशेब केला. "बाई, बीज दिलं नसतं तर त्यांना पंधरा वर्षं होती."

शाल्मलीने फोन ठेवला आणि तो लगेच वाजला. श्रीरंग.

"ताई, इकडे काहीतरी भलतंच चाललंय. विहिरीत दगड आलाय. खरंच, दगड! शाळेची पायरी रात्रीत बुजली. सगळे माझ्याकडे येतायत, तुझी बहीण तिकडे आहे, तिला विचार म्हणतायत. नकाशा चुकलाय का गं तुमचा? गेल्या वर्षी तुमची माणसं यंत्रं घेऊन आली होती, घरन् घर मोजून नेलं. लिओमाने त्यांना जेवायला घातलं. मुली त्या यंत्रासमोर नाचल्यासुद्धा. म्हणजे आम्ही नकाशात आहोत. साहेबांशी बोल तू."

"नकाशा चुकला नाही, रंगा."

"मग?"

"तुम्ही होतात त्यात. मी पुसलं." आणि मग तिने सगळं सांगितलं, काटा, यादी, डब्याची सुट्टी, निळं दार. सांगताना तिला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कोणाचा वाटत होता. "बेट वाचावं म्हणून केलं रे. चित्रच आहे असं वाटलं मला. मी मेले का नाही त्याआधी!"

श्रीरंग ओरडेल असं तिला वाटलं. त्याने ओरडावं असं वाटलं.

"किती दिवस आहेत?" त्याने विचारलं.

"एकवीस."

"बरं." त्याने मोठा श्वास घेतला. शिकवताना कोणी पाण्याखाली घाबरलं की तो असाच बोलत असे, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "ऐक. रडू नकोस. तुला कळलं नाही, झालं. आमच्याकडे होड्या आहेत. आम्ही सगळे मारुंगाला जातो. तिथली माणसं चांगली आहेत, लिओमाची मावशी आहे तिथे. टेकडीमागे जागा देतील, घरं पुन्हा बांधू. पहिल्या यादीत सातवं होतं ना ते? तूच आत्ता म्हणालीस. म्हणजे ते वाचलेलं आहे."

शाल्मलीने पडद्यावर नवी यादी उघडली. मारुंगा आठवं होतं.

"ताई? मारुंगा वाचलंय ना?"

"त्यांना काढून तुम्हाला घातलं, रंगा," ती म्हणाली.