हद्दीच्या अलीकडे

ईस्टरच्या आधीच्या उपासांत एका रविवारी ओल्शिंकातल्या मुली मोरानाला गावाबाहेर काढतात. मोराना म्हणजे मरण. काठीवर बांधलेली पेंढ्याची बाई, अंगात पांढरा झगा. तिला हद्दीवरच्या वाकड्या ओढ्यात फेकायचं आणि मागे न बघता घराकडे धूम ठोकायची. यंदा काठी ब्लांकाने हट्टाने मागून घेतली होती. आजोबा नाताळपासून अंथरुणाला खिळलेले. यंदा मरण गावात राहून चालणारच नव्हतं!

पण वाट म्हणजे नुसता चिखलाचा राडा.

"माझे बूट नवे आहेत हं," युस्तीना कुरकुरली. "इथंच टाक ना, कोठारांमागच्या ओढ्यात. पाणी ते पाणी! मोराना काय नकाशा बघून जाते?"

सगळ्या खिदळल्या. ब्लांकाही. काठी पाण्यात पडली आणि मुली किंचाळत पळाल्या.

"वाकड्या ओढ्यात टाकलीत ना गं?" घरी आजोबांनी अंथरुणातूनच खोकत विचारलं.

"कोठारांमागच्या."

"तो ओढा नव्हे, पोरी. पाट आहे. मी लहान असताना सहकारी शेतीवाल्यांनी खणला. हद्द त्याच्या कितीतरी पलीकडे. ती गावातच राहिली की."

ब्लांका तशीच उलटी धावली. ऊन लख्ख पडलं होतं. पाटात घोटाभर पाणी, तेही जवळजवळ थांबलेलं. मोराना तिथे नव्हती.

काठावरच्या चिखलात गोल खळगे उमटले होते, काठीच्या टोकाएवढे. पाण्यातून वर आलेले, एकामागोमाग एक. त्यांत अजून पाणी झिरपत होतं.

खळगे गावाकडे गेले होते.

घरी आई कणीक मळत होती. "ब्लांके, आत्ताच सगळी फरशी ओली करून गेलीस ना? हाक मारली तर साधी ओसुद्धा नाही!"

"आई, मी आत्ता येतेय."

"हो का? मग आजोबांच्या खोलीत कोण शिरलं, मांजर?"

ब्लांकाने दार ढकललं.

खोकला थांबला होता. आजोबा जागे होते. भिंतीला चिकटून, अंग चोरून पडलेले. अर्धी गादी मोकळी.

"आजोबा?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा."