उतरता खांदा

मी लहान मुलांचे कपडे शिवते. टेप बघितली की पोरं अंग चोरतात, खिदळतात, म्हणून माप दोऱ्याने घेते. खांद्याला एक गाठ, छातीला दुसरी, उंचीला तिसरी. आमच्या भिंगरीला मात्र चौथी गाठ लागते. तिचा डावा खांदा जन्मापासून बोटभर उतरता आहे, हाडातच. तिच्या प्रत्येक फ्रॉकला त्या बाजूने आतून पट्टी लावावी लागते. पोरगी पाच वर्षांची, पण ही चौथी गाठ तीच मारणार, आणि शेवटी एक फास लोंबता ठेवणार. कितीदा ओरडले, पण ऐकेल तर शपथ.

ताप उतरेना म्हणून तिला दवाखान्यात ठेवलं. मुलांच्या वॉर्डात भिंतींवर हत्ती रंगवलेले, सलाईनच्या स्टँडचं एक चाक सारखं कुरकुरायचं. शेजारी कोपऱ्यात एक रिकामी खाट, तिच्यावर गुंडाळलेली गादी. डॉक्टर रोज रिपोर्ट बघून ओठ आवळायचे आणि "वाट बघू" म्हणायचे. कसली वाट, हे कुणी सांगेना.

एका दुपारी भिंगरीने माझ्या हातात दोरा ठेवला. चादरीचा काठ उसवून काढलेला.

"हे तिचं माप. तिला फ्रॉक हवाय."

"कुणाला गं?"

तिने कोपऱ्यातल्या खाटेकडे बोट केलं.

"तापात मुलं बडबडतात," सिस्टर म्हणाल्या. "हो म्हणा, औषध तरी घेईल."

मी हो म्हटलं. दोरा बोटांतून सरकवला आणि चरकलेच. तीन गाठी. खांदा अरुंद, उंची भिंगरीपेक्षा थोडी जास्त, छाती त्याला शोभेशी. खऱ्या पोरीचं माप होतं ते. असं मनाने रचायचं म्हटलं तर मलासुद्धा जमणार नाही.

"शिव की उरल्यासुरल्या कापडाचा," तिचे बाबा म्हणाले. "तेवढंच पोरीचं मन राहील. आणि तुझ्या हाताला काम."

म्हणून खाटेशी बसून हातानेच शिवला. पिवळा फ्रॉक, पुढे खिसा. शिवून होईतो भिंगरीचं बोलणं अगदी कमी झालं होतं. मी फ्रॉक त्या गुंडाळलेल्या गादीवर ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणते ते सवयीने तोंडातून निघून गेलं. "झालाय हं. ट्रायलला ये गं बाई."

माझं मलाच हसू आलं. भिंगरी हसली नाही.

"आई, कशाला बोलावलंस?" ती म्हणाली. "आता ती येईल ना."

मी तिच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली आणि औषध आणायला खाली गेले. परत आले तर पोरगी खाटेवर पाय हलवत बसलेली. अंगात पिवळा फ्रॉक. कपाळ गार.

"आई, भूक लागली."

मी तिला कवटाळून हमसून हमसून रडले. डॉक्टर दोनदा तपासून म्हणाले, "कमालच आहे." सिस्टरनी डोळे पुसले. फ्रॉक तिला बेतून शिवल्यासारखा बसला होता, हे मी बघितलं. पण त्या वेळी मनावर घेतलं नाही.

घरी आल्यावर जुना फ्रॉक घातला, तर डाव्या खांद्यावर पट्टीचा फुगा आला. मी हात फिरवून बघितलं. दोन्ही खांदे सारखे.

"आजारात बारीक झालीये," बाबा म्हणाले. "चांगलं झालेलंही तुला बघवत नाही का?"

बघवत होतं हो. पोर खात होती, धावत होती, गळ्यात पडत होती. हाड म्हणजे काय लोणी आहे, आपोआप सपाट व्हायला? पण असं बोलून ती परत आजारी पडली तर? एकेका फ्रॉकची पट्टी माझ्याच हाताने उसवली.

मग तपासणीला पुन्हा बोलावलं. "ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. सिस्टरना भेटावं म्हणून तिला घेऊन वॉर्डात गेले. कोपऱ्यातली खाट तशीच रिकामी, गादी तशीच गुंडाळलेली. उशाकडच्या दांडीला एक दोरा बांधला होता.

मी सोडवून बोटांतून सरकवला.

खांदा. छाती. उंची.

मग चौथी गाठ, बोटभर अंतरावर. शेवटी लोंबता फास.

दोरा गरम होता, तापलेल्या अंगासारखा.

"भिंगरे," मी खाटेकडे बघत म्हटलं.

माझा पदर मागून ओढला गेला. "आई, चल ना घरी. इथे कुणी नाहीये."

घरी येऊन मी कापड पसरून बसले आहे. दोरा मुठीत आहे, अजून गरम. फ्रॉक आजच व्हायला हवा, आजच त्या खाटेवर नेऊन ठेवायला हवा. पण कात्री खिळ्याला नाही. मशीनखाली नाही, टोपलीत नाही.

"कात्री बघितलीस का गं?"

ती दारात उभी आहे, पिवळ्या फ्रॉकमध्ये. हसून मान हलवते. दोन्ही हात पाठीमागे. खांदे अगदी सरळ.