केलं कुणी, भरलं कुणी

बाळांनो, एक सुतारकामाची खोली डोळ्यांपुढे आणा. दाराशी रंध्याखालून निघालेल्या कुरळ्या सालींचा ढीग. भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेल्या पटाश्या. सरसाचा कुबट वास. आणि मधोमध, दोन घोड्यांवर (लाकडी घोडे हं, खिंकाळणारे नव्हेत) उताणा निजवलेला, माणसाएवढा लाकडी येशू. चर्चमधल्या क्रूसावरून उतरवून दुरुस्तीला आणलेला. दिसला? आता त्याच्याशेजारी स्टुलावर बसलेली नऊ वर्षांची मुलगी बघा. ही सुताराची लेक. इतकी किडकिडीत, की बाप तिला ढलपी म्हणायचा.

बाबा लांबी कालवायचे. लांबी म्हणजे बारीक भुसा आणि सरस यांचा घट्ट लगदा, लाकडातली भोकं बुजवायचा. ढलपी वाटी धरायची. बाबांची एक रीत होती. भोक भरण्याआधी ते त्याच्याशेजारी पेन्सिलीनं आकडा घालायचे. "मोजल्याशिवाय भरलं, की एखादं हमखास राहतं," असं ते म्हणत. त्यांचा दोनाचा आकडा शेपूट तुटल्यासारखा असायचा, लांबून ओळखू यावा असा.

सोमवारी सात भोकं निघाली. सातही भरली.

त्या संध्याकाळी शेजारचा शिंपी येऊन फळीवर बसला. त्याच्या तोंडाला सुईएवढीही उसंत नसे.

"मिस्त्री, ऐकलंत का? चर्चमधल्या वेदीवरचा निळा दिवा फोडला तो तिथल्या घंटावाल्यानंच. काल दुपारी काचा गोळा करताना सापडला. झाडू हातातच!"

"काही म्हणाला का तो?" बाबांनी विचारलं.

"म्हणणार काय? मूग गिळून बसलाय. घेत असणार हो, थोडी थोडी. बिचाऱ्या त्या बाईनं मेलेल्या मुलाच्या आठवणीत दिला होता दिवा. शनिवारी सगळ्यांसमोर जाब विचारणार आहेत, आणि मग घंटा गेली, खोलीही गेली. करील तो भरील!"

ढलपीनं हातातली वाटी खाली ठेवली. कारण तो दिवा तिनं फोडला होता. आतली ज्योत खरंच निळी आहे का, एवढंच तिला बघायचं होतं. दिवा निसटला, ती पळाली. पळताना मागं झाडूचा आवाज ऐकू आला होता. म्हणजे घंटावाला जवळच होता. त्यानं पाहिलं होतं? पाहिलं असेल, तर बोलत का नव्हता? तेव्हापासून कुणी तिच्याकडे पाहिलं, की तिला वाटे, याला ठाऊक आहे.

मंगळवारी सकाळी येशूच्या डाव्या हातावर, कोपराखाली, आठवं भोक होतं.

"काल नजरेतून सुटलं वाटतं," बाबा म्हणाले. पण त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. त्यांनी आकडा घातला, लांबी भरली. संध्याकाळी शिंप्यानं नवी बातमी आणली. घंटावाला मेणबत्त्या चोरून विकतो म्हणे.

बुधवारी नववं.

बाबा गुडघ्यांवर बसून फरशी न्याहाळत राहिले. "भोक पाडलं तर भुसा कुठाय?" ते स्वतःशीच म्हणाले. भुसा नव्हता. भोक पाडायचं गिरमिट कुलपात होतं. भोकाच्या कडा आत दबलेल्या होत्या, हातोडीनं खिळा ठोकावा तशा. त्या संध्याकाळी त्यांनी दाराला दुसरं कुलूप घातलं.

शिंपी म्हणाला, "काम जाणार त्याचा राग काढतोय तो तुमच्यावर! आणखी कोण?"

"असेल बुवा," बाबा म्हणाले. "केलं कुणी, आणि भरत बसायचं मी!"

गुरुवारी दहावं. दोन्ही कुलपं जागच्या जागी.

मग बाबांनी ढलपीकडे पाहिलं.

"किल्ली उशाखाली असते. घरात आपण तिघं. खरं सांग. तू तर नाहीस ना?"

"नाही बाबा."

"माझ्या डोळ्यांत बघून सांग."

"नाही!"

"मग कान का लाल झालेत?"

ती खरं बोलत होती, आणि ते कुणाला खरं वाटत नव्हतं. ओरडावंसं वाटलं, पण ओरडलं तर बाबांचा संशय वाढेल हेही कळत होतं. अच्छा, म्हणजे गप्प बसणं असं असतं, तिच्या मनात आलं.

दुपारी ती चर्चच्या मागच्या खोलीपाशी गेली. घंटावाला दारात बसून घंटेच्या दोराचं सुटलेलं टोक विणत होता. एवढ्या उकाड्यात त्याच्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बंद होत्या. पूर्वी तो बाह्या कोपराच्या वर गुंडाळायचा.

"काका, तुम्ही सांगत का नाही, की तुम्ही नाही केलं म्हणून?"

त्यानं वर पाहिलं नाही. "तेवढ्यानं भागतंय होय? लगेच विचारतील, मग कुणी केलं?"

त्यानं डावा हात किंचित चोळला. ती उलट्या पावली परतली.

शुक्रवारी फादर काम बघायला आले. बाबा सरस आणायला बाजारात गेले होते. फादरनी लाकडी कपाळावरून हात फिरवला.

"फादर, यानं काय केलं होतं?" ढलपीनं विचारलं.

"कुणी, येशूनं? काहीच नाही."

"मग एवढं भोगलं का?"

फादर स्टुलावर टेकले. "चांगलं विचारलंस. लोक म्हणतात, करील तो भरील. म्हणजे जो भोगतोय त्यानं काहीतरी केलंच असणार. पण याच्याकडे बघितलं, की ते गणित चुकतं. केलं सगळ्यांनी आणि भरलं यानं."

"आणि देव नुसता बघत राहिला?"

"मलाही लहानपणी तसंच वाटायचं. देव वर, दूर कुठंतरी. आता वाटतं, देव खिळ्याच्या याच टोकाला होता. जो उगाच भोगतो, त्याच्या बाजूला. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण कुठे, ते सांगता येतं."

ढलपीनं थोडा विचार केला. "मग घंटावाल्या काकांना का काढताय?"

फादरचा हात लाकडावरच थांबला. "ती गोष्ट वेगळी आहे, बाळ. त्याच्या हातात झाडू होता. तो दोषी नसता, तर बोलला असता."

टक्.

एकच आवाज. हातोडी खिळ्याच्या डोक्यावर नीट बसावी तसा.

खोलीत ते दोघंच होते. डाव्या मनगटावर, फादरच्या बोटांपासून वीतभर अंतरावर, अकरावं भोक होतं.

फादर उठले. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि ते निघून गेले. बाबा आले, त्यांनी लांबी कालवायला घेतली. आकडा घालताना त्यांची पेन्सिल मोडली.

शनिवारी सकाळी सगळी माणसं चर्चमध्ये जमली. आईबाबाही गेले. जाताना बाबांनी खोली उघडीच ठेवली होती. कुलपांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

ढलपी आत गेली. पहिल्यांदा तिनं हात पाहिला. नवं भोक नव्हतं. तिनं श्वास सोडला.

मग तिला छाती दिसली.

डावीकडे, बरगडीच्या वर, पेन्सिलीनं बारा लिहिलं होतं. शेपूट तुटलेला दोन. अक्षर बाबांचंच. शेजारी भोक नव्हतं.

अजून नव्हतं.

दूर चर्चमधून माणसांचा गलका ऐकू आला. त्यात शिंप्याचा आवाज वर होता.

तिनं उजव्या हाताचा अंगठा त्या आकड्यावर ठेवला, घट्ट दाबून. लाकूड कोमट होतं. उन्हात नव्हतं, तरी कोमट.

तिच्या अंगठ्याच्या नखावर काहीतरी टेकलं.

टोकदार.

दिसत काहीच नव्हतं. टोक नुसतं टेकून राहिलं, घाव घालण्याआधी बाबा खिळा धरतात तसं. ढलपीनं अंगठा काढला नाही.

"थांब," ती म्हणाली. "जाऊन सांगते मी. तोवर थांब."

टोक उचललं गेलं.

ती धावत सुटली. चर्चच्या दारात तिला धाप लागली होती. घंटावाला सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा होता, उजवा हात छातीवर दाबून धरलेला. दिवा देणारी बाई पहिल्या बाकावर रडत होती.

"दिवा मी फोडला," ढलपी म्हणाली.

कुणी हललं नाही, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. या वेळी त्या बाईकडे बघून. "मी फोडला. काकांनी नुसत्या काचा गोळा केल्या."

शिंप्याचं तोंड उघडंच राहिलं. फादर खाली बसले. घंटावाल्यानं छातीवरचा हात हळूच काढला, बऱ्याच दिवसांनी श्वास घ्यावा तसा श्वास घेतला आणि तो तिच्याजवळ आला.

"दाखव," तो हलक्या आवाजात म्हणाला.

तिनं अंगठा पुढं केला. पेन्सिल उमटली असणार, हे तिला ठाऊकच होतं. पण लाकडावरून उमटलेला आकडा उलटा असायला हवा होता. तिच्या अंगठ्यावर बारा सरळ लिहिलं होतं, शेपूट तुटलेल्या दोनासकट.

घंटावाल्यानं ते पाहण्यासाठी हात पुढं केला, तेव्हा त्याची बाही बोटभर वर सरकली. मनगटावर लांबीनं बुजवल्यासारखा एक गोल डाग होता आणि शेजारी, बाबांच्या अक्षरात, अकरा.

त्यानं बाहीचं बटण लावलं.

बाबा गर्दीतून वाट काढत येत होते. ढलपीनं मूठ मिटली, अंगठा आत घेऊन, आणि दुसऱ्या हातानं घंटावाल्या काकांचा हात धरला.

तो कोमट होता, आणि लाकडासारखा टणक. तिनं तो सोडला नाही.