खोडाशी ओतलेलं पाणी

जरा सरकून बसा. आणि तो मोबाइल उपडा ठेव रे, डोळ्यांवर उजेड येतो. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो शाळेचा माळी, माझा वीस वर्षांचा दोस्त. मी तिथलाच रात्रपाळीचा वॉचमन. त्या रात्री फाटक मीच उघडलं होतं, तेव्हा थापा म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

शहरातली शाळा. चारी बाजूंनी इमारती, मैदान रुमालाएवढं. त्यात एका अंगाला जुनं झाड, चार पोरांच्या कवेत न मावणारं. खेळायला जागा पुरत नव्हती हे खोटं नाही. धावता धावता दोघांची डोकी त्या खोडावर फुटली होती. झाड तोडायचं की ठेवायचं, यावर पालकांची सभा भरली, दोन तास नुसता कलकलाट. शेवटी पोरांनीच तोड काढली, की खेळाची पट्टी तिरकी आखा, झाड बाहेर राहील. मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत सही केली. माळी उठून म्हणाला, "मी आहे तोवर याला कुणी हात लावणार नाही." सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्याच्या नातीनं. तिसरीत होती. आजोबांचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ.

सुटताना बाटलीत उरलेलं पाणी झाडाला घालायचं, हे तिनंच सुरू केलेलं. माळ्यानं पोरांना शिकवलं होतं, खोडाशी ओतायचं नाही. फांद्या जिथं संपतात तिथं गोल आळं केलंय, त्यात ओता. पाणी पिणारी मुळं तिथं असतात.

दोन महिन्यांनी मुख्याध्यापकांनी त्याला खोलीत बोलावलं. हिरवं झाड तोडायची परवानगी मिळत नाही, वाळलेल्याची मिळते, एवढंच म्हणाले. "जमत नसेल तर दुसरा माळी बघतो." आणि हा गडी कबूल झाला! मला आजही संताप येतो. कुंपणानंच शेत खाल्लं. खोडाच्या बुडाशी त्यानं तिरकी भोकं पाडली, त्यात झाड मारायचं औषध भरलं, वर पाला टाकला. औषध खाली उतरायला पाणी हवं. म्हणून पोरांना म्हणाला, "आजपासून खोडाशीच ओता."

"आजोबा, तुम्हीच म्हणायचात ना, लांब ओता?"

"सांगतो तसं कर."

तिनं केलं. रोज केलं. मी साडेपाचला पाळीवर यायचो तेव्हा पोरांची रांग दिसायची. मला वाटायचं, किती गुणाची पोरं.

नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार. झाड वाळत आलेलं. दुसऱ्या दिवशी ते बघायला पालिकेचे साहेब येणार होते, म्हणून भोकं मातीनं बुजवायला हा पावणेनऊला आला. हातात घमेलं, खिशात टॉर्च. "आटप लवकर," मी म्हणालो. मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. पुढचं त्यानंच नंतर सांगितलं.

तो खोडाशी गुडघे टेकून बसला. पाला बाजूला केला.

टोपण फिरल्याचा आवाज आला.

मागं बघितलं. कुणी नाही.

पुन्हा एक टोपण. मग दुसरं. मग कितीतरी...

पाणी पडू लागलं. आधी लांब, आळ्यात. टॉर्च फिरवला. आळं ओलं होत होतं. माणूस नाही, बाटली नाही. नुसती ओल. गोल.

मग तो गोल आत सरकला.

हातभर... अजून हातभर...

पायाला गार लागलं.

आणि कानाशी, अगदी हळू, नातीचा आवाज.

"आजोबा... खोडाशीच ना?"

घमेलं टाकून तो पळाला. माझ्या बाजूनं, शाळेमागच्या खोलीकडे, जिथं तो आणि नात राहायचे. मीही मागोमाग धावलो.

नात जागी होती. तहान लागली म्हणून दप्तरातली बाटली काढून टोपण फिरवत होती. त्यानं झडप घालून ती हिसकावली. बाटली काठोकाठ भरलेली. उघड्या बाटलीतून उग्र वास... माझ्यापर्यंत आला.

पोर रडली नाही. बाटली हुंगली. मग त्याचा हात धरून हुंगला.

"आजोबा... तुमच्या हातांना येतो, तोच वास."

त्यानं बाटली पाठीमागं लपवली.

"झाडाला हेच घातलं? ... माझ्याकडून?"

तिनं हात सोडून दिला. तो पुन्हा कधी धरला नाही.

झाड महिन्याभरात पाडलं. पट्टी सरळ आखली गेली, पोरं मोकळी धावतात, जागा ऐसपैस झाली. नात आत्याकडे राहायला गेली. माळी काम सोडून कुठं गेला, मी विचारलं नाही.

बाटली कुणीतरी भरली असेल म्हणताय? खोलीत तिसरं माणूस नव्हतं. आणि त्याच दिवशी साडेपाचला मी पाळीवर आलो तेव्हा ती पोर रांगेत पहिली होती. बाटली उपडी करून, दोनदा झटकून, आत डोळा लावून तिनं मला दाखवली होती. "बघा काका, एक थेंबही ठेवला नाही."