डाव्या मडगार्डवरचे ठोके

वन्संना इस्पितळात पोचवायचं, एवढंच काम होतं. जेवणं उरकून मी भांडी पालथी घालत होते, तेवढ्यात फोन आला. किडनी मिळाली आहे, अंधार पडायच्या आत येऊन दाखल व्हा, नाहीतर पुढच्या माणसाला द्यावी लागेल. वन्सं म्हणजे माझी नणंद. कित्येक महिने यंत्रावर रक्त धुऊन घेत दिवस काढत होत्या. तोंड सुजलेलं, रंग राखेसारखा, जीभ मात्र शाबूत.

इस्पितळ घाटापलीकडे. शेजारच्या टॅक्सीवाल्याला विचारलं तर म्हणाला, घाटात धुकं आहे, हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत. मी म्हटलं, तुझी टॅक्सी तुलाच लखलाभ, आणि आमची जुनी गाडी बाहेर काढली.

ही गाडी मिस्त्रींची. मिस्त्री म्हणजे माझे यजमान, वन्संचे थोरले भाऊ. घराला लागूनच त्यांचं गॅरेज. गेल्या वर्षी गेले. त्यांची काम करायची एक रीत होती. इंजिन तपासताना मला सीटवर बसवायचे. त्या आवाजात ओरडलेलं कळत नाही आणि उघड्या बोनेटमुळे समोरचं माणूस दिसत नाही, म्हणून मडगार्डवर पान्याने ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे रेस दे. दोन म्हणजे बंद कर. तीन म्हणजे दिवे घालव. चार म्हणजे झालं, उतर, इकडे ये. डावखुरे होते, त्यामुळे डाव्या मडगार्डचा पत्रा ठोकून ठोकून चेपला होता. ते गेल्यावर मला तो बघवेना. पत्रा सरळ करून वर नवा रंग मारून घेतला.

घाट अर्धा चढलो आणि गाडी आचके द्यायला लागली. मिसिंग. एखादा सिलिंडर मेला की इंजिन असं लंगडतं, एक पाय दुखावलेल्या बैलासारखं. अ‍ॅक्सलेटर तळाला टेकला तरी ओढ नाही. पहिल्या गिअरमध्ये रखडत रखडत बोगद्यात शिरली आणि तिथेच थरथरत उभी राहिली.

बाहेर दिवस होता, पण बोगद्यात दिवस शिरलाच नव्हता. छतातून पाणी ठिबकत होतं. ओल्या दगडाचा वास, त्यात कच्च्या पेट्रोलचा. मागे-पुढे एक वाहन नाही. आमच्या दिव्यांचा उजेड धुक्यावर आपटून आमच्याच अंगावर परत येत होता, जणू पुढे कुणीतरी पांढरी चादर धरून उभं आहे.

“वहिनी, मी इथेच मेले तर ती किडनी तू बसवून घे. फुकट नको जायला.”

“माझ्या दोन्ही धडधाकट आहेत. तुम्ही इकडे सरका, अ‍ॅक्सलेटरवर पाय ठेवा.”

एक ठोका आणि दोन ठोके, एवढंच त्यांना शिकवलं. तीन आणि चार सांगायची गरजच नव्हती.

बोनेट उघडून मी उजव्या बाजूला उभी राहिले. परत येणाऱ्या त्या उजेडात इंजिन दिसत होतं. हाताला फडकं गुंडाळून प्लगच्या वायरी एकेक करून उपटल्या. चालू सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी अडखळतं. पहिल्या दोन काढल्या तेव्हा अडखळलं. तिसरी काढली, तर त्याला पत्ताच नाही. मेलेला सापडला. दोन ठोके दिले, वन्संनी इंजिन बंद केलं. प्लग काढला तर पेट्रोलने चिंब. डिकीत नवा होता, तो बसवला आणि चालू करा म्हणून ओरडले. तीच लंगडी चाल.

इथे माझी अक्कल संपली. प्लग नवा, तरी सिलिंडर मेलेला. वन्सं आतून विचारत होत्या, उशीर झाला का गं. बोगद्याच्या तोंडाशी पांढरं धुकं करडं व्हायला लागलं होतं. त्यांची किडनी तिकडे बर्फात वाट बघत होती आणि मी इथे हातात पाना घेऊन दगडासारखी उभी.

तेवढ्यात वाजलं.

टक… टक… टक.

पलीकडून. डाव्या मडगार्डवरून. पाना माझ्या हातात होता आणि हात जागचा हललेला नव्हता.

आणि दिवे गेले.

काळोख डोळ्यांना चिकटला. इंजिन चालूच होतं. पाण्याची ठिबठिब थांबल्यासारखी वाटली. आणि वास आला… काम संपलं की मिस्त्री रॉकेलने हात धुवायचे, त्या हातांचा वास. माझ्या अगदी समोरून, एका हाताच्या अंतरावरून. मी किंचाळणारच होते, पण त्याआधी खाली नजर गेली.

इंजिनात निळं काहीतरी वळवळत होतं. तिसऱ्या वायरीच्या अंगातून बारीक निळी ठिणगी बाहेर सांडत होती. वायरीला केसाएवढी चीर. धुक्याने ती ओली झालेली, म्हणून वीज प्लगपर्यंत जायच्या ऐवजी वाटेतच लोखंडात उतरत होती. उजेडात हे सात जन्मात दिसलं नसतं.

सगळा संसार मी तीन ठोके ऐकले की दिवे घालवले आणि सीटवर गप्प बसून राहिले. हा माणूस अंधारात बघतो तरी काय, ते त्या दिवशी कळलं. छान दिसतं हो ते. सांगायचं तरी एकदा.

मी दोन ठोके दिले. इंजिन थांबलं.

“वन्सं… दिवे लावा.”

“मी कुठे घालवलेत? तू तीनदा वाजवलंस आणि गेले ते. मला वाटलं तूच काहीतरी ओढलंस.”

“बटण बघा.”

आत डॅशबोर्डावर हात चाचपडल्याचा आवाज आला. मग त्या हळूच म्हणाल्या, “बटण बंद आहे गं… मी हात नाही लावला.”

मी म्हटलं, नसेल लावला, आता लावा. दिवे लागले. समोर कुणी नव्हतं. वायर फडक्याने कोरडी केली, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून घट्ट गुंडाळली, लोखंडापासून लांब बांधली. स्टिअरिंग मी हातात घेतलं. गाडी एका सुरात चालायला लागली आणि घाट असा चढली की वन्संनी सीट घट्ट धरून ठेवली. इस्पितळाच्या दाराशी पोचलो तेव्हा आकाशात अजून थोडा उजेड शिल्लक होता.

किडनी लागली. वन्संना कित्येक महिन्यांनी लघवी झाली ती त्यांनी सगळ्या वॉर्डाला सांगितली, झाडूवालीलाही. चेहऱ्याची सूज उतरली, खाली माझ्या नवऱ्याचं नाक निघालं. आता आमच्याकडेच असतात. माझ्या भाजीला नावं ठेवतात, म्हणजे बऱ्या आहेत.

डाव्या मडगार्डच्या नव्या रंगावर तीन खळगे पडलेत. ते मी पुन्हा सरळ केले नाहीत.

परवा संध्याकाळी मिस्त्रींच्या गॅरेजात दिवा लावायला गेले. गाडी बंद, किल्ली माझ्या कमरेला. आणि वाजलं. सावकाश, एकेक करून, चार.

झालं, उतर, इकडे ये.

पण आत वन्संची गोळ्यांची वेळ झाली होती आणि बोलावणाऱ्याने बहिणीची वेळ तरी बघावी. मी भिंतीवरचा पाना काढला आणि उजव्या मडगार्डवर ठणकावून दोन ठोके दिले. बंद कर.

लगेच बंद झालं. तेव्हापासून पुन्हा वाजलेलं नाही.

मला झोप लागत नाही ती त्यामुळेच. मिस्त्रींनी हयातीत माझं एकदाही ऐकलं नव्हतं.