पान्हा

चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात बोरगावजवळच्या पुंडलिकरावांनी आपला रबराचा बगीचा लोकांना दाखवायला सुरुवात केली. सौंसर-पांढुर्ण्यात संत्री कोणाला नवीन नव्हती, पण रबराचं झाड कोणी पाहिलं नव्हतं. पुंडलिकराव केरळात राहून आले होते, रोपं तिथूनच आणलेली. रविवारी बगीचा बघायचा, मग झाडाखाली भरीत-भाकर.

मी पांढुर्ण्याच्या तार ऑफिसात होतो. माझी बायको शोभा बाळंतपणापासून घराबाहेर पडली नव्हती. म्हणून तान्ह्या पोरीला घेऊन आम्ही निघालो.

बगीचा दिसायच्या आधी वास आला. नासलेल्या दुधाचा आणि ओल्या चामड्याचा. दोरीवर रबराच्या पिवळट पोळ्या वाळत होत्या. त्यांना माश्या चिकटून मेल्या होत्या. शोभानं पदर नाकाला लावला.

“सवय होते, वहिनी,” पुंडलिकराव हसले. त्यांनी खोडावरची तिरपी चीर दाखवली. खाली नारळाची करवंटी बांधलेली, कोरडी. “चीक पहाटेच निघते. ऊन चढलं का झाड बंद.”

तेवढ्यात पोरगी रडायला लागली. भुकेचं रडणं.

समोरच्या चिरेतून एक पांढरा थेंब आला. मग धार लागली. मग शेजारच्या झाडाला. मी मागे पाहिलं. अख्खी रांग गळत होती. ज्या खोडांना अजून सुरी लागली नव्हती, तीसुद्धा. करवंट्या भरून सांडायला लागल्या.

माझ्या मनगटावर थेंब पडला. कोमट होता, अंगाइतका. त्यावर साय धरली होती. मी बांधाआड जाऊन ओकलो.

पुंडलिकराव करवंट्या रिकाम्या करायला धावले. त्यांची बायको अंबाबाई शोभाजवळ आली.

“पान्हा फुटला व माय,” ती हळूच म्हणाली. “पोरीले घेऊन जा. आत्ताच जा.”

आम्ही न जेवताच निघालो. बसमध्ये शोभानं पोरीला पदराखाली घेतलं. पोरीनं तोंड फिरवलं. तिच्या जिभेवर पांढरं काही दिसलं म्हणून शोभानं बोट घातलं. पापुद्रा निघाला. ओढला तसा ताणत गेला. शोभानं तो खिडकीबाहेर फेकला आणि बोट लुगड्याला पुसत राहिली, घरापर्यंत.

“तुम्ही कोणाजवळ दिली होती का हिला?” तिनं विचारलं.

पोरगी तिच्या कडेवरून उतरलीच नव्हती.

त्यानंतर तिनं शोभाचं दूध घेतलं नाही. गाईचं नाही, बाटलीचं नाही. डॉक्टरांना काही सापडेना. गाल बसले. रडणंही थांबलं.

मग एका सकाळी दारात पुंडलिकराव उभे. चपला पांढऱ्या, पायजमा गुडघ्यापर्यंत कडक झालेला. तो वास घरात शिरला.

“थांबूनच नाही राहिलं, गुणवंताभाऊ. रात्रंदिवस गळून राहिले झाडं. बगीच्यात पाय रुतून राहिला. एक डाव पोरीले आणा.”

पाळण्यातून मचमच आवाज आला. पोरगी ओठ चोखत होती.

“नाही,” मी म्हटलं. “निघा तुम्ही.”

कडी लावायला हात वर केला, तेव्हा मागे बांगड्या वाजल्या.

शोभा उभी होती. पायात चपला. पोरीला तिनं नवं टोपडं घातलं होतं.