बुधवारची टीम

बॉल थेट माझ्या भेळेवर येऊन पडला. सगळी भेळ चिखलात. आणि तो न्यायला आलेला माणूस माफी मागायचं सोडून विचारतो कसा, “तिखट होती का?”

“खाऊन बघा ना, खाली पडलीय,” मी म्हटलं.

तो हसला. आणि मेली मीही हसले...

सिल्वासाजवळ खडोलीत आमच्या लाईनीतल्या कंपन्यांना सुट्टी बुधवारी, म्हणून आमच्या फुटबॉल टीमच्या मॅचही बुधवारी, कंपन्यांमागच्या मैदानात. धुळे-नंदुरबारकडची आमची अख्खी चाळ तिथं लोटायची. खेळाडूला नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती, कंपनीतल्या खात्यानं मारायचे. “ए डाइंग, पास दे!” “पॅकिंग, मागं बघ!” माझी भेळ सांडणारा तो बॉयलर. वाल्मिक हे नाव मला पुष्कळ उशिरा कळलं.

कंपनीतलं काम सोडलं, तर एरवी आई मला किराण्यापर्यंतसुद्धा एकटी सोडत नसे. मॅचला सोडायची, कारण सगळी चाळ असायची. त्यामुळे आमचं जे काय होतं, ते बुधवारचंच. बॉल बाहेर गेला की तो आत फेकायला हाच धावत यायचा, माझ्यासमोर.

“आज भेळ नाही?”

“तुमच्यापासून लपवलीय.”

“मग मी खेळू कशाला?”

शिट्टी वाजेपर्यंत हलायचा नाही. मी ओढणीत तोंड लपवायची.

दिवाळीनंतर आमची टीम सिल्वासातल्या एका मोठ्या क्लबात सामील केली. फायदाच आहे, असं कंपनीचे साहेब म्हणाले. नवे कपडे, हिरवं मैदान, आणि मॅच रविवारी. रविवारी आम्ही सगळे मशीनवर. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असेल तरी आमची कुणाला पडलीय? आमच्यातला एकटा वाल्मिक त्यांनी घेतला, आणि त्याला सिल्वासातच रविवारच्या सुट्टीची नोकरीही दिली. आमच्या मैदानात ट्रक उभे राहायला लागले.

एका रविवारी मी खाडा केला. आईला सांगितलं, कामावर जाते, आणि गेले सिल्वासाला मॅच बघायला. तिथं लोक खुर्च्यांवर बसून मोबाईल बघत होते. वाल्मिकनं बॉल असा काढला की माझ्या तोंडून निघूनच गेलं, “शाब्बास रे बॉयलर!”

पुढची पोरं वळून खो-खो हसली. वाल्मिकनं माझ्याकडे बघितलं... आणि मान खाली घातली.

मॅच संपल्यावर तो गेटपाशी आला.

“लाज वाटली?” मी विचारलं.

“हो,” तो म्हणाला. “आणि मग स्वतःचीच वाटली. जया, तू नुसतं म्हण — सोडतो हे सगळं. परत येतो खडोलीला.”

“खेळशील कुठं?”



ये, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण इतका सुंदर खेळताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

“मला तू आवडतोस रे,” मी म्हटलं. “फार आवडतोस. पण माझ्यापायी खेळ सोडलास, तर बॉयलरपुढं बसलेला तू मला रोज दिसशील. ते नाही बघवणार मला.”

त्यानं सगळ्यांसमोर माझा हात धरला. खडोलीची रिक्षा भरेपर्यंत धरून ठेवला.

आता बुधवारी चाळ दुपारपर्यंत झोपते. मग पुरुष प्यायला बसतात आणि बायका भांडतात. परवा सुपरवायझरनं विचारलं, सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाईमला कोण येईल?

सगळ्यात आधी माझा हात वर गेला.